गोजराबाई म्हणाली, खायला बरंय

दिंडोरी मागे पडली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि गोजराबाईची तोवर सात जणांना नावं ठेवून झाली होती.

पहिला मान पटकावला ढकांब्याच्या फाट्यावर चहा वाटणाऱ्या मंडळाने. चहा पाणचट, आणि मागच्या फ्लेक्सवर फोटो मात्र दाटीवाटीने. "एका कपामागं सतरा तोंडं," गोजराबाई म्हणाली, "अन् एकाच्याबी तोंडाकडं बघून चहा गोड लागंना." मग डीजे लावून देवीची ज्योत घेऊन पळणारी पोरं आली. "देवी बहिरी हाय का रे?" असं तिने त्यांना विचारलंसुद्धा. त्या दणदणाटात तिचं बोलणं त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलेली एक बाई, मग उपासाच्या नावाखाली साबुदाणावड्याची तिसरी प्लेट घेणारे एक काका, मग रस्त्याचा ठेकेदार. सहावा नंबर एका द्राक्षबागेच्या मालकाचा. छाटणी नुकतीच झाली होती, आणि दोन ओळींच्या मधे लव्हाळा पोटरीएवढा वाढला होता. "वेलीला इंजेक्शनं देतील, पण वाकून गवत उपटायला यांची कंबर मोडती," म्हणत गोजराबाई कुंपणाशी थांबलीच. तिला पुढे ओढून न्यावं लागलं.

सातवी रोहिणी. रोहिणी दर नवरात्रात नाशिकहून सप्तशृंगीच्या गडापर्यंत अनवाणी चालत जाते.

"वर्षभर मोज्यात ठेवलेले पाय," गोजराबाई म्हणाली, "एका दिवसात देवीला काय दाखवता, बाई? फोड?"

रोहिणी हसली. गोजराबाईच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पंचवीस वर्षं शिक्षिका होती. राहायला नाशकात द्वारका चौकाजवळ, रोजचं जाणं-येणं एसटीने. एवढ्या वर्षांत गोजराबाईच्या तोंडची फुलं तिने पुष्कळ झेलली होती. ती मनात देवीचं नाव घेत होती, ते तिने पुढे चालू ठेवलं.

मात्र एक गोष्ट सकाळपासून तिला टोचत होती. गोजराबाई गडावर चालत कधीच जात नसे. "देवीला माझं घर माहीत हाय, तिला वाटलं तर येईल," हे तिचं दरवर्षीचं उत्तर. यंदा सहाव्या माळेला, रविवारी सकाळी, ती ढकांब्याच्या फाट्यावर पिशवी घेऊन उभी दिसली, तेव्हा रोहिणीला नवल वाटलं. त्या नवलाच्या तळाशी थोडी भीतीही होती.

गोजराबाई साठीच्या पुढची. काटक, काळी, कमरेत किंचित वाकलेली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कांद्यात, टोमॅटोत, द्राक्षात खुरपं घेऊन बसली. पुढे पंधरा बायकांच्या टोळीची पुढारीण झाली. तिची टोळी ज्या रानातून गेली तिथे लव्हाळा पुन्हा लवकर उठत नसे, कारण बाकीच्या बायका वरचं पातं उपटत आणि ही खालची गाठ काढी. लव्हाळ्याचा जीव त्या गाठीत असतो. गाठ मातीत राहिली की आठव्या दिवशी गवत पुन्हा हजर. "वरचं काढून काय होतं? खालचं काढा," असं ती शाळेत येऊनही म्हणायची. कशाबद्दल ते मास्तरांनी आपापलं समजून घ्यावं.

नवरा लवकर गेला. पोटी मूल नाही. धाकट्या जावेचा, मैनाचा, दीपक तिच्याच मांडीवर वाढला. त्या दीपकच्या लग्नात मैनाने स्वतःच्या हाताने पुरणपोळ्या केल्या, आणि सोयऱ्यांची पंगत बसलेली असताना गोजराबाईने पहिला घास घेऊन सांगितलं, "पुरण सैल झालंय." झालं. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद. अकरा वर्षं झाली. भिंतीला भिंत, एकच नळ, आणि अबोला.

गावाला याचं काही विशेष वाटलं नाही. गोजराबाईने नाव ठेवलं नाही अशी वस्तू गावात नव्हतीच. नवी सून आली की तिच्या हातचं पहिलं वाढण गोजराबाईच्या ताटात जायचं. 'चालतंय' म्हणाली तर सून पास. 'खायला बरंय' असं ती आख्ख्या हयातीत तीनदाच म्हणाल्याचं लोक सांगत, आणि तिसरी वेळ नेमकी कोणती यावर पारावर अजून वाद होतात.

चौथी वेळ मात्र सगळ्यांसमोर झाली. रोहिणी तिथे होती.

ऊन फार झालं तशा दोघी रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली बसल्या. रोहिणीने राजगिऱ्याची वडी काढली. गोजराबाईने आपल्या पिशवीत हात घातला आणि एक रिकामं, चकचकीत पाकीट काढून रोहिणीच्या मांडीवर ठेवलं. पाकिटावर डोक्यावर पदर घेतलेली, कपाळाला आठी घातलेली गोजराबाई स्वतः होती. खाली मोठ्या अक्षरांत: टायगर नट पीठ, उपवास स्पेशल.

"वाचा," गोजराबाई म्हणाली. "मला येत नाय. मागचं सगळं वाचा."

रोहिणीने पाकीट उलटं केलं. मागची अक्षरं बारीक होती. तिला वाचायची गरज नव्हती, पण तिने डोळे बारीक केले.

"तंतुमय पदार्थ भरपूर," तिने वाचलं. "पोट साफ राहतं."

"ते खरं हाय. दीपकच्या बायकोनं, पूजानं मूठभर दाणे कोरडेच खाल्ले होते. दोन दिवस पोट नगारा झालं, मग साफ."

"भिजवून खायला हवे होते. पुढं लिहिलंय, लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम. गव्हाचं वावडं असलेल्यांना चालतं. शेंगदाणे-बदाम सोसत नाहीत त्यांनाही चालतं, कारण हे नट नव्हेच."

"नट नाय तर नट का म्हणतात?"

"इंग्रजीत म्हणतात, मावशी."

"मग इंग्रजीतलं इंग्रजीत ठेवायचं. अन् वाघ कुठून आला?"

"गाठीच्या अंगावर पट्टे असतात म्हणून."

"पट्टे खारीच्याबी अंगावर असतात," गोजराबाई म्हणाली. "पुढं वाचा."

"उपवासाला चालतं, कारण हे धान्य नसून कंद आहे." एवढं वाचून रोहिणीने पाकीट गुडघ्यावर पालथं टाकलं. "झालं. बाकी पत्ता आणि तारीख."

गोजराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग पाकीट उचलून, नीट घडी करून पिशवीत ठेवलं. "चला," म्हणाली.

त्या पाकिटाची जन्मकथा सांगायला हवी. गंगापूर रोडला योगिनी मॅडमचं दुकान आहे. दुकान म्हटलेलं तिला आवडत नाही, पण दुसरं काय म्हणायचं? आत एसी, पांढऱ्या भिंती, लाकडी फळ्या, आणि आपल्या आज्या ज्या वस्तू चुलीमागच्या डब्यात ठेवत त्या काचेच्या बरण्यांत, चौपट भावात. नाचणी तिथे 'एन्शंट ग्रेन' असते. जवस 'सीड मिक्स' असतं. हळद घातलेल्या दुधाला तर ओळखच उरलेली नाही. योगिनी मॅडम वाईट बाई नव्हे. तिला खरोखर वाटतं की आपण लोकांचं भलं करतोय. अशी माणसं फार महागात पडतात.

तिने बाहेरून टायगर नटची पोती मागवली आणि गोजराबाईच्या बचत गटाला काम दिलं: निवडणं, धुणं, भिजवणं, वाटणं, वाळवणं. मराठी आणि इंग्रजी यांच्यामधे पूल म्हणून रोहिणीला बोलावलं. पहिलं पोतं अंगणात ओतलं तेव्हा हरभऱ्यापेक्षा जरा मोठ्या, सुरकुतलेल्या, तपकिरी गाठींचा ढीग झाला. गोजराबाईने त्यातली एक उचलली, वास घेतला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं, हा तर लव्हाळा! चाळीस वर्षं मी हा उपटून बांधावर फेकला, अन् ही बया गाडीत घालून गावात घेऊन आली!"

"मावशी, हा लव्हाळा नाही," योगिनी म्हणाली. "सुपरफूड आहे."

"नात्यातला तरी असंल."

नात्यातलाच होता. एकाच कुळातली दोन गवतं. आपल्या रानातल्या लव्हाळ्याची गाठ कडू, कापरासारख्या वासाची, तिचा मान वैद्याच्या काढ्यात. ही गाठ गोड. गोजराबाईने दाताखाली फोडून पाहिली. आधी सुक्या खोबऱ्याची चव आली, मागून बदामाची. ती काही बोलली नाही. याचा अर्थ तिला नाव ठेवायला जागा सापडली नव्हती, एवढं बायकांना कळलं.

काम सोपं वाटलं तरी सोपं नव्हतं. सुरकुत्यांत माती अडकते, म्हणून तीन पाण्यांतून चोळून धुवायचं. वर तरंगेल ते किडकं, ते काढून टाकायचं. मग एक दिवस भिजत. भिजून फुगले की पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं. खाली उतरतं ते पांढरं दाट दूध, वर राहतो तो चोथा. चोथा कडक उन्हात वाळवून गिरणीत दळला की पीठ. ही अक्कल ठेच लागून आली. पहिल्या दिवशी योगिनी मॅडमच्या हुकमाने आख्खे कोरडे दाणे गिरणीत घातले. त्यात तेल चिक्कार. गिरणीवाल्या कारभारीच्या दगडाला असा लेप बसला की त्याने पट्टा थांबवून सगळ्या गटाचा उद्धार केला. दूध पिळून घेतलं की तेलही बरंच उतरतं, मग दगड कुरकुर करत नाही.

दुधाची गंमत वेगळीच. पातेलंभर दूध पिळून झालं तेव्हा योगिनी मॅडम म्हणाली, "हे प्लान्ट-बेस्ड मिल्क. परदेशात गार करून पितात."

"गाय कुठंय?" गोजराबाईने विचारलं.

"गाय नाहीये, मावशी, तोच तर मुद्दा आहे!"

"मग दूध कसं म्हणता? धुवण म्हणा."

योगिनीला फोन आला. "जरा दूध बघा हं," म्हणून ती बाहेर गेली. आता मराठी बाईला दूध बघायला सांगितलं की ती काय करील? जे तिची आई करीत होती तेच. गोजराबाईने पातेलं गॅसवर ठेवलं आणि उतू जायची वाट बघत बसली. दूध उतू गेलंच नाही. ते आधी दाट झालं, मग घट्ट झालं, मग कपड्यांना घालायच्या खळीसारखं रटरटायला लागलं. या दुधात पिठूळ अंश असतो, विस्तव लागला की तो फुगतो. योगिनी मॅडम परत आली आणि पातेल्यात बघून मटकन पायरीवर बसली. "तुम्ही ते उकळलंत?"

"दूध तापवत नाय का तुमच्यात?" गोजराबाई म्हणाली.

टाकून द्यायचं तिच्या रक्तात नव्हतं. तिने त्यात गूळ घातला, वेलदोडा ठेचून टाकला, चिमूटभर सुंठ, आणि ढवळत राहिली. वाटीत वाढून पहिला चमचा स्वतः घेतला. पंधरा बायका श्वास रोखून बघत होत्या. गोजराबाईने जीभ टाळ्याला लावली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "खायला बरंय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. योगिनीला टाळ्या कशाच्या ते कळेना. रोहिणीने सगळं समजावून सांगितलं, ही बाई कधीच कशाला चांगलं म्हणत नाही वगैरे. योगिनीचे डोळे चमकले. तिने तिथल्या तिथे गोजराबाईचा फोटो काढला. रोहिणीने तेव्हा तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पंधरा दिवसांनी रोहिणीला गंगापूर रोडच्या दुकानात बोलावणं आलं. "लेबलचं मराठी तुम्हीच लिहा, मॅडम." एसीत बसवलं, बिनसाखरेचा कडू चहा दिला. रोहिणीने लिहिलं: 'खायला बरं आहे – गोजराबाई.' योगिनीने ओठ काढले. "बरं आहे? यानं कोण घेणार? थोडं मनाला भिडणारं हवं." रोहिणीने दुसरं लिहिलं: 'पोटाला हलकं, अंगाला बळ देणारं.' तेही फिकं पडलं. "आजकाल लोक शुगरसाठी घेतात हो. माझ्या एका मैत्रिणीची कमी झाली. तसं काहीतरी."

"पण गोजरामावशींना शुगर नाही," रोहिणी म्हणाली.

"ते कोणाला माहितीये? पाकिटावर असंच असतं, मॅडम. कुणी एवढं मनावर घेत नाही."

आणि रोहिणीने लिहिलं. वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता. 'हे खायला लागले आणि माझी शुगर पळाली. आता गोळ्यांची गरजच उरली नाही! – गोजराबाई.' योगिनीने वाचलं आणि छातीवर हात ठेवला. "किती सुंदर मराठी आहे हो तुमचं!"

मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या, द्वारकेच्या एका बाईला गंगापूर रोडच्या एसीत असं कुणी म्हटलं. एवढ्याशा कौतुकावर ती विकली गेली. पैसे तर तिने घेतलेही नाहीत, आणि आपण पैसे घेतले नाहीत याचाही तिला घरी जाताना अभिमान वाटला होता.

लखमापूर फाट्याच्या अलीकडे डावीकडे डोंगरांची रांग दिसायला लागली. लोक जयजयकार करत पुढे जात होते. रोहिणीच्या टाचेला खरंच फोड आला होता.

"मैनाला सात वर्षं शुगर हाय," गोजराबाई अचानक म्हणाली. अकरा वर्षांत मैनाचं नाव तिच्या तोंडून रोहिणीने पहिल्यांदा ऐकलं. "दोन वेळच्या गोळ्या. गोळी चुकली तर दीपक मनमाडहून फोन करून ओरडायचा. गेल्या महिन्यात तिनं गोळ्या बंद केल्या."

रोहिणी फोडाची टाच उचलून चालायला लागली.

"तिच्या घरात ह्याच पिठाची पाकिटं हायेत. सात. नवरात्राचे नऊ दिवस ह्याचंच थालीपीठ, ह्याचीच खीर, गूळ घालून. पायाच्या बोटाला चप्पल लागली, महिना झाला, जखम भरंना. पूजा सांगून थकली. सुनेचं कोण ऐकतं? मग मी गेले. अकरा वर्षांनी तिच्या उंबऱ्यात गेले, बाई. म्हटलं, मैने, मी असलं काय बोलले नाय, मला शुगरच नाय, गोळ्या घे. तर ती काय म्हणाली माहीत हाय?"

"काय?"

"म्हणाली, 'आयुष्यात एकदा कशाला चांगलं म्हणालीस, तर तेबी माझ्यापर्यंत पोचू देत नायस. मी बरी झालेली तुला बघवत नाय.' अन् म्हणाली, 'छापलेलं खोटं असतं का? शाळेतली पुस्तकं छापलेलीच असतात.'" गोजराबाईने रस्त्याच्या कडेला थुंकल्यासारखं केलं, पण थुंकली नाही. "जिंदगीभर नावं ठेवली ना मी. त्याचं हे फळ. माझ्या चांगल्याला भाव आला, अन् माझ्या 'नाय'ला कुत्रं इचारीना."

पीठ विष नव्हतं. पोटाला चांगलंच होतं. पण गोड गाठ ती, तिच्यात साखर असते, पिठूळ असतं. ते गोळीच्या सोबत खाण्याजोगं होतं, गोळीच्या जागी नव्हे. शाळेत आरोग्याचा तास रोहिणी स्वतः घेते. एवढं तिला कळत नव्हतं असं नाही.

गोजराबाईचा फोन वाजला. तिने तो कानापासून लांब धरला, त्यामुळे पूजाचा आवाज रोहिणीलाही ऐकू आला.

"मोठ्या आई, आत्याबाईंना चक्कर आली! बोट काळं दिसतंय. गाडी बोलवते म्हटलं तर दार लावून बसल्यात. म्हणतात, नऊ माळा पुऱ्या होऊ दे, उतार पडतोय. ह्यांना फोन केलाय, पण मनमाडहून यायला किती वेळ लागणार!"

"सकाळी तर नुसतं लाल होतं," गोजराबाई म्हणाली.

"आता काळं आहे!"

"गाडी बोलव अन् दारात उभी ठेव," गोजराबाई म्हणाली. "मी येते." फोन बंद करताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

रोहिणी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. पुढे डोंगर होता आणि पाय अनवाणी होते, म्हणून असेल, पण तिला आता शब्द सजवता येईनात.

"मावशी, पाकिटावर अजून एक ओळ होती. मघाशी मी वाचली नाही. ती मी लिहिली आहे."

"माहीत हाय," गोजराबाई म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"पूजानं वाचून दाखवलं. मग मी योगिनी मॅडमला फोन लावायला लावला. ती म्हणाली, 'मराठी सगळं रोहिणी मॅडमचं, मी फक्त छापलं.' लय गोड बोलली." गोजराबाईने पदराने मान पुसली. "म्हणून तर चालत आले तुमच्यासंगं. मला देवीकडं काय काम? म्हटलं, देवीकडं निघालेलं माणूस हाय, अनवाणी हाय, ढकांब्याला सांगंल. ढकांबं गेलं. म्हटलं दिंडोरीला सांगंल. बाभळीखाली पाकीटबी दिलं हातात. तुम्ही पत्ता-तारीख वाचलीत."

रोहिणीला मान वर करवेना.

"तुम्हीबी वरचंच पातं उपटता, बाई," गोजराबाई म्हणाली. "खालची गाठ राहती."

समोरून रिकामी काळी-पिवळी जीप दिंडोरीकडे चालली होती. गोजराबाईने हात आडवा केला तशी ती करकचत थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गड तिकडं आहे, उलटं कुठं निघालात?" त्याला तिने उत्तर दिलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत फार मोठं होतं. ती रोहिणीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत गोजराबाईने कुणाजवळ काही मागितलेलं रोहिणीला आठवत नव्हतं. मागताना तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, फक्त जरा खाली आला होता.

"बाई, गड राहू द्या. देवी कुठं जात नाय. माझ्यासंगं इथनंच मागं फिरा. दीपकला तुम्ही शिकवलंय, मैना तुम्हाला मानती. तिच्या पुढ्यात बसा अन् तुमच्या तोंडानं सांगा, हे मी लिहिलं, गोजरानं नाय. गोजरा फक्त खायला बरंय म्हणाली होती. अन् ती गाडीत बसंपर्यंत हलू नका तिथनं." ती जीपच्या पायरीवर चढली आणि वळली. "फक्त पुरणाचा इषय काढू नका. सैल होतं ते होतंच."